बांधावरचे गुरुजन

१८ जून २०२५ रोजी सोलापूर येथे श्री. मारुती चितमपल्ली यांचे वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांस ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला होता. वर्तमानपत्रांतून ‘अरण्यऋषी’ म्हणून त्यांचा गौरव झाला, ठिकठिकाणी शोकसभा भरल्या, आणि ते सर्वथा उचितच होते. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारा हा वनाधिकारी मराठी भाषेला एक नवेच दालन उघडून देऊन गेला. परंतु त्या दिवसांत जे लेख आमच्या वाचनात आले, त्यांपैकी फारच थोड्यांत एक नाव आम्हास आढळले, आणि ज्ञातिबांधवांनी तरी ते विसरू नये म्हणून हा लेखनप्रपंच. ते नाव म्हणजे नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार.

चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे. कोइमतूरच्या वन महाविद्यालयात त्यांनी १९५८ ते १९६० या काळात शिक्षण घेतले व पुढे छत्तीस वर्षे वनखात्यात सेवा केली. त्या सेवेच्या ओघात ते आपल्या भंडारा जिल्ह्यात, नवेगावबांधास आले. (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, तोपर्यंत नवेगाव भंडाऱ्याचेच, आणि आमच्या पिढीच्या मनात ते अद्याप भंडाऱ्याचेच आहे. असो.) कोइमतुरास वृक्षांची शास्त्रीय नावे शिकविली जातात, परंतु कोणता पक्षी कोणत्या महिन्यात तलावाच्या कोणत्या अंगास उतरतो, हे तेथल्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते चितमपल्लींनी नवेगावात शिकले, आणि शिकविणारे होते माधवराव पाटील. ‘नवेगावबांधचे दिवस’ या नावाचे त्यांचे एक पुस्तकच आहे. माधवरावांस आपण गुरू मानतो असे त्यांनी मोकळ्या मनाने सांगितले आहे. खाकी पोशाखातला सरकारी अधिकारी एका गावच्या पाटलाचे शिष्यत्व पत्करतो आणि ते लपवीत नाही, ही गोष्ट आम्हास त्यांच्या सर्व मानसन्मानांहून थोर वाटते.

माधवराव हे ज्या डोंगरवार घराण्यातले, त्याच घराण्यात तीनशे वर्षांपूर्वी कोलू पाटील होऊन गेले. म्हणून माधवरावांची पक्ष्यांची विद्या समजून घ्यावयाची तर आधी कोलू पाटलांच्या पाण्याच्या विद्येकडे वळले पाहिजे.

आपला कोहळी समाज संख्येने लहान. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातीजमातींवर १९१६ साली जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात १९११ च्या शिरगणतीनुसार आपली संख्या सुमारे २६ हजार दिलेली आहे. चांद्याचा कोणी गोंड राजा काशीस गेला होता, तेथून परतताना त्याने आपल्या पूर्वजांस बरोबर आणले, अशी एक आख्यायिका त्यात नोंदविली आहे. दुसरी अशी की, आपली पहिली वस्ती लांजीस झाली व तेथून आपण दक्षिणेकडे उतरलो. यांतील खरी कोणती याचा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र एका गोष्टीविषयी त्या ग्रंथकर्त्यांच्याही मनात किंतु नव्हता, ती ही की वैनगंगेच्या खोऱ्यातील थोर तलाव हे कोहळ्यांच्या हातचे काम आहे. धान आणि ऊस ही आपली पिके, आणि दोहोंसही पाण्यावाचून गती नाही.

गोंड राजांनी असा नियम केला होता असे परंपरेने सांगतात की, जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळावी. राजाने स्वतः खजिना रिता न करता प्रजेच्या बुद्धीस व बाहूस कामाला लावले, यातील शहाणपण आजच्या राज्यकर्त्यांनीही अभ्यासण्याजोगे आहे. कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या आरंभी नवेगावचा बांध घातला. जुन्या गॅझेटियरात त्याचे क्षेत्र सुमारे ५ चौरस मैल व घेर सुमारे १७ मैल दिलेला आहे. सभोवार डोंगरांची रांग. त्यांतील सात शिखरांस ‘सातबहिणी’ म्हणतात, आणि त्या बहिणींनीच बांधकामास हात लावला अशी लोकांची श्रद्धा. खुद्द कोलू पाटील मरणोत्तर ‘कोलासूर देव’ झाले. डोंगरावर त्यांचे ठाणे आहे. बांधणाऱ्याचा देव व्हावा अशी उदाहरणे विरळाच. बहुधा बांधविणाऱ्या राजाचेच नाव राहते. सिवनी व सिरेगाव येथील बांधही याच तोडीचे.

ज्यांनी हे तलाव नीट पाहिले नसतील अशा शहरवासी तरुणांकरिता त्यांची रचना थोडक्यात सांगतो. आपल्या भागात पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांत येऊन जातो, आणि जमिनीखाली कठीण खडक असल्याने फारसे मुरत नाही. धानाचे खरे संकट भाद्रपद-आश्विनात. लोंबी भरण्याच्या वेळी हस्ताचा पाऊस चुकला की वर्षभराची मेहनत पेंढा होऊन उभी राहते. त्या पंधरा-वीस दिवसांचे पाणी साठवून ठेवणे हेच तलावाचे मुख्य प्रयोजन. दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हेरावयाची आणि तेथे मातीची पाळ घालावयाची. पाळ सरळ रेषेत कधीच नसते. टेकडीचे सोंड जिथे पुढे आलेले असेल तिथे ती त्याला टेकते, म्हणून माती कमी लागते आणि पाण्याचा रेटाही विभागला जातो. जास्तीचे पाणी निघून जाण्यासाठी एका कडेस ‘सलंग’ ठेवावयाची, आणि ते पाणी वाया न जाता खालच्या तलावात, तेथून त्याखालच्या बोडीत जाईल अशी योजना करावयाची. शेताला पाणी सोडण्यासाठी ‘तुडूम’. त्यास निरनिराळ्या उंचीवर तोंडे असतात आणि पाणी जसजसे उतरेल तसतशी वरून खालची तोंडे मोकळी करीत जावयाचे. त्यामुळे वरचे निवळ, उन्हाने तापलेले पाणी आधी धानास मिळते. उन्हाळ्यात तळाचा गाळ बैलगाड्यांनी बांध्यांत टाकावयाचा. तलाव खोल होतो व जमीन कसदार. यांपैकी कोणतीच गोष्ट नकाशावर काढलेली नव्हती. ती माणसांच्या डोक्यांत होती, आणि एका डोक्यातून दुसऱ्यात जात होती.

त्या डोक्यांपैकी एक आम्ही घरातच पाहिले.

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, गावच्या तलावाचे पाणकर होते. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. त्यांच्या आधी त्यांचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, त्याच कामावर होते. मोठे बाबा मालगुजाराच्या अमलात वयाच्या अठराव्या वर्षी या कामास लागले. मोबदला म्हणून सुगीत प्रत्येक कास्तकाराकडून धानाचा ठरलेला हिस्सा मिळे. काम वरवर पाहता सोपे, तुडूम उघडावयाचे नि लावावयाचे. परंतु कोणाच्या बांधीला आज पाणी द्यावयाचे आणि कोणाला दोन दिवस थांबवावयाचे, यावरून आपल्याकडे डोकी फुटलेली आहेत. मोठ्या बाबांचा शिरस्ता असा की पाणी प्रथम शेपटाकडल्या शेवटच्या बांधीस पोचले पाहिजे, मग वर येत येत पाळीलगतच्या बांधीस. पाळीजवळ मालगुजाराचीच जमीन होती. मालगुजाराच्या दिवाणाने एकदा हा क्रम उलटा करण्यास सांगितले, तेव्हा मोठे बाबा म्हणाले, “मालक, तुमची बांधी पाळीच्या पायथ्याशी हाय जी. तिले तसाबी ओलावा लागते. शेवटच्याचा धान वाळला तं तो तुमच्या दारात येईल, अन् मी कोनच्या तोंडानं उभा राहीन?” क्रम बदलला नाही.

घरी मात्र हा माणूस निराळाच असे. आमचे वडील आम्ही चार वर्षांचे असताना गेले. मोठ्या बाबांना स्वतःची तीन मुले होती, आम्ही दोघे भाऊ मिळून पाच. पाचांत कधी फरक केला नाही, असे म्हणणे चालीचे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. आम्हा दोघांना थोडे अधिकच मिळे, आणि त्यावरून त्यांचा धाकटा मुलगा पुष्कळ दिवस रुसून असे. घाणा सुरू झाला की काहिलीतला गरम गूळ पळसाच्या पानावर घेऊन ते घरी येत आणि आधी आमच्या आईच्या हातात देत. श्रावणात रात्री पावसाचा जोर वाढला की आम्हास जाग येई ती त्यांच्या पायतणांच्या आवाजाने. ते घोंगडे घेऊन, कंदील लावून पाळीवर जावयास निघालेले असत. जाण्यापूर्वी झोपलेल्या पोरांची डोकी एकदा मोजीत. मोठी आई म्हणे, “पोरं काय तलावातून वाहून जातेत?” ते उत्तर देत नसत. सकाळी परत येत तेव्हा कमरेपर्यंत चिखल, आणि ओच्यात हमखास चार शिंगाडे.

१९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. तो कायदा न्याय्य होता. मालगुजारांचा जुलूम ज्यांनी सोसला त्यांच्या वंशजांपुढे त्याची रड आम्ही मांडणार नाही. परंतु जमिनीबरोबर तलावही सरकारजमा झाले, आणि तलावांची निगा ठेवणारी जी गावातली व्यवस्था होती ती कोणाच्याच खाती जमा झाली नाही. पुढे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. पाणी घेण्याचे गावकऱ्यांचे जुने हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले होते, ते राहिले. मात्र पाळ राखण्याचे जे कर्तव्य त्या हक्काशी जोडलेले होते, ते कागदावर नसल्याने गेले. उन्हाळ्यातल्या गाळाच्या गाड्या प्रथम थांबल्या. मागाहून पाणकराचा धानाचा हिस्सा देण्यास कित्येकांनी कुरकुर सुरू केली. ‘आता तलाव सरकारचा, तुम्हाला का म्हणून?’ मोठे बाबा मागावयास गेले नाहीत. ज्यांनी दिले त्यांचे घेतले, आणि पाळीवर जाणे चालूच ठेवले. आमची मोठी आई यावरून त्यांच्याशी भांडत असे, आणि तिचे म्हणणे चुकीचे होते असे आम्हास आजही वाटत नाही. पाच मुलांचे पोट भावनेवर भरत नाही.

१९७२ चा दुष्काळ सर्वांच्या स्मरणात असेल. त्यानंतर एक-दोन वर्षांत, पाणी जास्त साठवावे म्हणून आमच्या तलावाची सलंग अर्धा हात उंच करण्याचा प्रस्ताव आला. त्या कामावर एक तरुण ओव्हरसियर आले. माणूस दूरच्या जिल्ह्यातला, हुशार, कामाचा उरक मोठा. हिशोबही त्यांचा बरोबर होता. अर्धा हात सलंग चढविली तर साठा इतका वाढेल, हे त्यांनी कागदावर दाखविले. मोठ्या बाबांनी कागद पाहिला, आणि म्हणाले, “साहेब, काम उद्या सुरू करजा. पर आधी श्रावनातली एक रात पाळीवर काढा.” ओव्हरसियर हसले, पण थांबले. हा त्यांचा मोठेपणा. दुसरा कोणी थांबला नसता.

ती रात्र आम्ही पाहिली आहे, कारण कंदील धरावयास आम्हालाच नेले होते. सायंकाळपासून धार लागलेली. मध्यरात्री सलंगीवरून पाणी हातभर जाडीने वाहू लागले, आणि पश्चिमेचा वारा सुटला. दिवसा संथ दिसणारा तलाव समुद्रासारखा उठला. लाटा पाळीवर येऊन आपटत होत्या. काही ठिकाणी पाणी माथ्यापासून वीतभरच खाली राहिले. एका जुन्या जांभळीपाशी मोठ्या बाबांनी त्यांना थांबविले व पाय आपटून जमीन दाखविली. तेथे पाळ किंचित दबलेली होती. पूर्वी कधी तेथे पाळ फुटली होती व मागाहून भरली होती. भरलेली माती जुन्या मातीशी कधी एकजीव झालीच नाही, हे आजोबांनी त्यांना सांगून ठेवले होते. सलंग अर्धा हात चढविली असती तर पाणी प्रथम त्याच जागेवरून ओसंडले असते, आणि मातीच्या पाळीवरून पाणी एकदा ओसंडू लागले की पाळ तासाभरात जाते. खाली ऐंशी घरे होती. सकाळी तलावाच्या वरच्या अंगास नेऊन त्यांनी दुसरी गोष्ट दाखविली. तलाव उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या ओलीत गरीब ढिवर व गोंड कुटुंबे गाळपेर करीत, ती सारी जमीन वाढीव पाण्याखाली जाणार होती. “हे तुमच्या कागदात नाई आलं,” एवढेच ते म्हणाले.

सलंग उंच झाली नाही. त्याऐवजी त्याच पैशात जांभळीपाशी पाळ खणून नव्याने, थर देऊन, चोपून भरली गेली. त्यानंतर ते ओव्हरसियर आमच्या तालुक्यात होते तोवर प्रत्येक नव्या कामापूर्वी मोठ्या बाबांना सायकलवर पाठीमागे बसवून नेत. कोणता तलाव कोणत्या नक्षत्रात भरतो, कोठल्या पाळीत उंदीर-खेकड्यांची बिळे असतात, पाळीवर कोणती झाडे ठेवावीत व कोणती वाढू देऊ नयेत, हे सारे विचारून वहीत टिपून घेत. पदाने ते साहेब आणि मोठे बाबा बिनपगारी पाणकर; पण मोठे बाबा बोलू लागले की साहेब उभे राहत. त्यांच्या हाताखालचे मजूर हे पाहून चकित होत. आम्हास त्या वयात त्याचे काही वाटले नाही. मोठे झाल्यावर चितमपल्ली व माधवराव यांच्याविषयी वाचले, तेव्हा हे चित्र आपण पाहिलेले आहे असे एकदम ध्यानी आले.

नवेगावास हेच घडले होते. चितमपल्लींच्या जवळ खात्याची विद्या होती, आणि माधवरावांच्या जवळ त्या तलावाची तीनशे वर्षांची ओळख. थंडीत उत्तरेकडून येणारी बदके, काठच्या धानात वावरणारी सारस जोडपी, बगळ्यांच्या वसाहती, हे सारे माधवराव लहानपणापासून पाहत आलेले. कारण तलाव राखणारा माणूस पाण्याकडे पाहत असतो, आणि पाण्याकडे पाहणाऱ्यास पक्षी दिसतातच. चितमपल्लींनी बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीस ‘सारंगागार’ व कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’ असे सुंदर शब्द मराठीस दिले. त्यांचा ‘पक्षीकोश’ प्रसिद्ध आहे. त्या भांडारात रानातल्या व पाण्याकाठच्या लोकांनी ठेवलेली नावे विपुल आहेत, आणि ती त्यांच्या कानी पडली ती अशा गुरूंच्या सहवासात. १९७५ साली नवेगावला राष्ट्रीय उद्यान झाले व डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. नागझिऱ्याचे भाग्य असे की व्यंकटेश माडगूळकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, आणि नवेगावचे असे की चितमपल्ली तेथे राहिले. दूरदूरचे प्रवासी आज नवेगावास येतात, नावेतून फिरतात, पक्ष्यांची छायाचित्रे घेतात. हा सरोवर निसर्गनिर्मित आहे असे पुष्कळांस वाटते. एकाने तर आमच्यासमोरच तसे म्हटले, आणि आम्ही त्यास कोलासूर देवाच्या ठाण्याकडे बोट दाखवून जवळजवळ तासभर बोलत राहिलो. शिक्षकाची खोड, दुसरे काय!

इतके लिहिल्यावर एक कबुली देणे प्राप्त आहे. १९७७ साली आम्ही मॅट्रिक झालो. त्या उन्हाळ्यात मोठे बाबा एका सकाळी म्हणाले, “यंदा माझ्यासंगं पाळीवर चाल. डोये अधू झाले माये. तुले सांगून ठेवतो.” आम्हास अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळण्याची चिंता होती, ‘पुढच्या वर्षी’ असे आम्ही म्हणालो. पुढच्या वर्षी आम्ही प्रशिक्षणास होतो, त्यापुढच्या वर्षी नोकरीस, आणि मग लग्न, बदल्या, मुलांची शिक्षणे. त्यांच्या स्वतःच्या मुलांपैकी दोघे कारखान्यात लागले, एक नागपुरास गेला. आम्हा पाचांपैकी कोणीही पाळीवर गेले नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. वर्गात आम्ही मुलांना नद्या व धरणे शिकविली, परीक्षेत प्रश्न घातले, आणि आपल्याच गावच्या तलावाच्या तुडुमाला तोंडे किती, हे आम्हास सांगता येत नव्हते.

मोठे बाबा १९९३ साली गेले. तेरवीच्या दिवशी, निरोप न धाडताही, ते ओव्हरसियर आले. तोवर बढती मिळून ते पुष्कळ वरच्या जागी पोचले होते आणि केसही पिकले होते. जेवण झाल्यावर त्यांनी आम्हास बाजूस घेऊन विचारले, “तुमच्यापैकी आता कोणाला माहीत आहे हे सारे?” आम्ही गप्प राहिलो. ते पाळीवर एकटेच जाऊन आले. महिन्याभराने टपालाने एक जाड पाकीट आले. त्यात त्यांच्या त्या जुन्या वहीची स्वहस्ते केलेली नक्कल होती.

एकूण बेचाळीस पाने आहेत. आठ तलाव व अकरा बोड्यांची माहिती, नक्षत्रवार पाण्याची पातळी, आणि मोठ्या बाबांचे शब्द जसेच्या तसे, आपल्या झाडीच्या बोलीत, अवतरणचिन्हांत. शेवटच्या पानावर आमच्या सलंगीचे चित्र असून जांभळीच्या जागी फुली केली आहे व खाली लिहिले आहे: ‘येथे दरवर्षी पाय आपटून पाहणे.’ आम्ही निवृत्तीनंतर दरवर्षी ज्येष्ठात जाऊन पाहतो. जांभूळ आता उरलेली नाही, खुंट आहे. ज्या कुटुंबांत कोणी पाणकर होऊन गेले असेल व ज्यांस ही नक्कल पाहावयाची असेल, त्यांनी आमच्या घरी अवश्य यावे. येताना आपल्याकडील जुना कागद, असेल तर, सोबत आणावा.